कॉपियर आठ महिने वापरून झाल्यावर: प्रोजेक्ट काढणं सोपंच होतं, मी थांबले ते अपडेटसाठी

आठ महिने झाले कॉपियर वापरतेय, म्हणजे टेम्प्लेटवरून (फाइल्सच्या तयार साच्यावरून) नवा कोड प्रोजेक्ट काढून देणारं टूल; टेम्प्लेट दोन आणि त्यातून काढलेले प्रोजेक्ट चौदा, त्यामुळे आता जरा सविस्तर लिहिते.

आधी मी त्याच कामासाठी कुकीकटर वापरायचे. 2013 पासूनचं टूल, पायथनमध्ये लिहिलेलं, आत जिंजा (साच्यातल्या रिकाम्या जागा भरणारी टेम्प्लेटची भाषा). कमांड दिली की प्रोजेक्टचं नाव काय, लायसन्स कुठलं, डॉकर हवं का असं विचारतं आणि उत्तरं जागच्या जागी भरून फोल्डर तयार करून देतं. ज्याला एकदा प्रोजेक्ट काढून पुढे जायचंय त्याला मी आजही तेच सांगेन. माझी अडचण वेगळी होती, आमचं टेम्प्लेट सारखं बदलतं. लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) बदलला, सीआयची (कोड आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेची) फाइल सुधारली, पायथनचं जुनं व्हर्जन सोडलं, की टेम्प्लेट नवं होतं पण आधी काढलेले सगळे प्रोजेक्ट जुनेच राहतात आणि मग एकेका रिपोत जाऊन तेच चार बदल हाताने करत बसायचं. सहा महिन्यांत कुठल्याच दोन प्रोजेक्टची सीआय फाइल सारखी उरली नव्हती. क्रफ्ट नावाचं टूल कुकीकटरच्या टेम्प्लेटसाठी अपडेटचं काम करतं हे माहीत होतं, पण मला दोन्ही कामं एकाच टूलमध्ये हवी होती.

कॉपियरमध्ये 'कॉपियर कॉपी' ने प्रोजेक्ट निघतो, आणि नंतर त्याच फोल्डरमध्ये 'कॉपियर अपडेट' दिलं की टेम्प्लेटमधले नवे बदल येतात. हे होतं कसं ते समजून घेणं फार गरजेचं आहे, मला ते उशिरा कळलं. तुमची उत्तरं आणि टेम्प्लेटचं कुठलं व्हर्जन वापरलं होतं ते प्रोजेक्टमधल्या एका छोट्या आन्सर्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं. अपडेटच्या वेळी ते जुन्या व्हर्जनवरून, जुन्या उत्तरांनी, एक कोरा प्रोजेक्ट बाजूला पुन्हा तयार करतं, तो आणि तुमचा आजचा प्रोजेक्ट यातला फरक काढतं, म्हणजे तुम्ही स्वतः काय काय बदललंय ते त्याला समजतं, आणि मग नवं टेम्प्लेट टाकून तुमचे बदल त्याच्यावर परत चढवतं. जिथे जमत नाही तिथे गिटसारख्याच (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे दोन बदल एकमेकांत अडकल्याच्या, खुणा फाइलमध्ये ठेवतं. मला हे खरंच मनापासून आवडलं, कारण माझ्या हातच्या कामाला ते जपतं.

आता खड्डे. पहिला म्हणजे ती आन्सर्स फाइल आपोआप तयार होत नाही, टेम्प्लेटमध्ये तिचं टेम्प्लेट आपणच ठेवायचं असतं. पहिले तीन प्रोजेक्ट मी त्याच्याशिवाय काढले आणि महिन्याभराने अपडेट करायला गेले तर करताच येईना. दुसरा खड्डा टॅगचा. गिटमधल्या टेम्प्लेटचा ते आपणहून शेवटचा टॅग (व्हर्जनला दिलेली खूण) घेतं, मेन ब्रँचवरचा शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) नाही. मी बदल पुश केले, अपडेट दिलं, काहीच आलं नाही, अर्धा दिवस जिंजात चूक शोधत होते आणि नवीन टॅगच दिला नव्हता. (टॅग न देता तपासायचं असेल तर व्हीसीएस-रेफ ऑप्शनला हेड द्या.) आणि आन्सर्स फाइल हाताने एडिट करू नका, कृपया. एका प्रोजेक्टमध्ये मी नाव बदलायला सरळ तीच फाइल उघडली, पुढच्या अपडेटला फरक चुकीच्या पायावर काढला गेला आणि भलत्याच फाइल्समध्ये कॉन्फ्लिक्ट आले. उत्तर बदलायचंय तर अपडेट चालवा, ते जुनी उत्तरं भरून सगळे प्रश्न पुन्हा विचारतं, तिथे बदला.

अपडेटच्या आधी सगळं कमिट केलेलं लागतं, नाहीतर ते पुढेच जात नाही. सुरुवातीला कटकट वाटायची, आता वाटतं हेच बरोबर, काही बिनसलं तर गिटने एका कमांडमध्ये मागे येता येतं.

छोट्या पण रोजच्या कामातल्या गोष्टीही आहेत. नावाच्या शेवटी जिंजा एक्स्टेन्शन असलेल्याच फाइल्समध्ये ते उत्तरं भरतं, बाकीच्या जशाच्या तशा कॉपी करतं. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबच्या सीआयच्या) फाइल्समध्ये जिंजासारखेच दुहेरी महिरपी कंस असतात, कुकीकटरमध्ये त्यांच्याभोवती रॉ ब्लॉक (हे जसंच्या तसं ठेव असं जिंजाला सांगणारी खूण) लावत बसावं लागायचं किंवा त्या फाइल्स वगळायच्या यादीत टाकाव्या लागायच्या, इथे एक्स्टेन्शनच न दिल्याने प्रश्न मिटला. टेम्प्लेटमध्ये टास्क असतील, म्हणजे फाइल्स तयार झाल्यावर चालणाऱ्या कमांड, तर ट्रस्ट हा ऑप्शन दिल्याशिवाय ते चालत नाही. दुसऱ्याच्या टेम्प्लेटला तो देण्याआधी त्यातल्या कमांड नीट वाचा, त्या तुमच्याच मशीनवर तुमच्याच परवानगीने चालणार असतात.

न आवडलेलं म्हणजे, अट घालून फाइल ठेवायची किंवा गाळायची तर ती अट फाइलच्या नावातच लिहायची पद्धत आहे. चालतं उत्तम, पण अशा पाच-सहा फाइल्स झाल्या की एडिटरमध्ये फोल्डर वाचणं अवघड होतं आणि नवीन माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माझ्याच प्रश्नांनी खाल्ला. टेम्प्लेटमध्ये 19 प्रश्न होते, त्यातले बरेच हो-नाही, आणि प्रत्येक हो-नाहीने उत्तरांच्या तपासायच्या जोड्या दुप्पट होतात. एका जोडीत सीआय चालायचं, दुसरीत टेस्टचा फोल्डरच यायचा नाही. आता सातच ठेवलेत, बाकी आमचा ठरलेला निर्णय म्हणून थेट टेम्प्लेटमध्ये लिहून टाकले, आणि उरलेल्या मुख्य जोड्या सीआयमध्ये रोज काढून त्यांच्या टेस्ट चालवते. मागच्या आठवड्यात लिंटरचं व्हर्जन बदललं तेव्हा चौदाही प्रोजेक्ट एका दुपारीत अपडेट झाले, कॉन्फ्लिक्ट दोनच, आणि दोन्ही जिथे आम्ही मुद्दाम वेगळं काही केलं होतं तिथेच.