इंटरनेट: वर्षाचा करार की महिन्याचा?

मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. वेगात मला तरी फरक जाणवला नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही. वर्षाच्या करारात महिन्याकाठी थोडे पैसे वाचतात, राउटरही बहुतेकदा फुकट मिळतो. हे आकर्षण खरं आहे.

माझं घोडं अडलं ते मुदत संपताना. वीस दिवस उरले असताना मी फोन करून जोडणी बंद करायला सांगितली. उत्तर मिळालं, करार पुढच्या वर्षासाठी वाढलाय. कागद काढून बसलो. तिसऱ्या पानावर 'करार रद्द करणे' असं ठळक कलम होतं, पण त्यात याचा उल्लेखच नाही. सातव्या पानावर, 'संकीर्ण' या मथळ्याखाली, एका लांबलचक वाक्याच्या शेवटी सापडलं: मुदतीच्या किमान ३० दिवस आधी लेखी सूचना न दिल्यास कराराचे आपोआप नूतनीकरण होईल. मधेच सोडायचं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे. नको असलेल्या जोडणीचे पैसे मी वर्षभर भरले.

इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९५६ च्या एका निकालात म्हटलं होतं की काही अटी लाल शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढला, तरच त्या ग्राहकाला नीट कळवल्या असं मानता येईल. माझी अट बाकी मजकुरापेक्षाही बारीक टायपात होती.

महिन्याच्या करारातही खाचाखोचा असतात. सुरुवातीला जोडणीचा खर्च पडतो, राउटर परत दिला नाही तर अनामत जाते, दर कधीही वाढू शकतो. 'अमर्याद' म्हणून ठरावीक वापरानंतर वेग उतरवणं तर दोन्हीकडे चालतं. पण दर स्थिर राहावा म्हणून वर्षाचा करार घेत असाल, तर 'कंपनी वेळोवेळी दरात बदल करू शकेल' हे वाक्य आधी शोधा. माझ्या करारात ते होतं. म्हणजे वर्षभर बांधलेला मी, दर मात्र मोकळा.

दर मुदतभर बदलणार नाही असं कागदावर असेल आणि तुमची जागा बदलणार नसेल, तर वर्षाचा करार कदाचित तुम्हाला परवडेल. मग सही करतानाच सूचना देण्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि ईमेल चालतो की पत्रच लागतं हे विचारून घ्या.

माझ्याकडे गेली तीन वर्षं महिन्याचीच जोडणी आहे. मधे एकदा दर वाढला, तेव्हा मी दुसरी कंपनी धरली. त्याला एक ईमेल पुरला.