जिल्ह्याचं डीईआयसी: थेरपी फुकट, पण थेरपिस्ट कुठाय?

आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या डीईआयसीला (आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमवाले मुलांना तपासून पुढच्या उपचारांना जिथे पाठवतात ते सेंटर) लेकाला गेल्या उन्हाळ्यापासून नेतेय, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी चांगलं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची टीम येते, त्यातल्या डॉक्टर मॅडमनीच पकडलं की तीन वर्षांचा होत आला तरी दोन शब्द जोडत नाही, हाकेला बघत नाही. घरात सगळ्यांचं एकच, मुलगे उशिरा बोलतात, बाप पण उशिराच बोललेला. मॅडमनी चिठ्ठी दिली, सेंटरला बालरोगतज्ज्ञांनी नीट वेळ देऊन बघितलं, कानाची बेरा टेस्ट झाली, एक रुपया लागला नाही.

गाडं अडलं ते पुढे. ऐकू व्यवस्थित येतंय, स्पीच थेरपी सुरू करा असं लिहून मिळालं आणि स्पीच थेरपिस्टची पोस्टच रिकामी! आधीच्या मॅडम सोडून गेल्या. एनएचएमचं (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राट, पगार तुटपुंजा, दरवर्षी ऑर्डरची वाट बघायची, चार वर्षांचं बीएएसएलपी (स्पीच थेरपीची डिग्री) करून कोण थांबेल हो, शहरात क्लिनिक टाकलं की सुटले. आता शेजारच्या जिल्ह्यातून एक ताई फक्त गुरुवारी येतात, वहीत नाव लिहून यायचं, नंबर लागायला तीन-चार आठवडे आणि मिळतात जेमतेम वीस मिनिटं, त्यातली पाच तर हा दाराला धरून रडण्यातच घालवतो.

ताई मात्र एक नंबर. साबणाचा एक फुगा उडवतात आणि गप्प बसतात, हा तोंडातून काहीतरी काढेपर्यंत दुसरा फुगा नाही. घरी पण तसंच करायला सांगितलंय, आता ‘अदून’ म्हणतो (अजून हो).

फिजिओ रोज असतात, त्यामुळे सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांचं बरं चाललंय. सायकॉलॉजिस्टची जागा पण रिकामीच, म्हणून ऑटिझमच्या तपासणीला मेडिकल कॉलेजला पाठवलं, तिथली रांग वेगळी. तोवर दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नाही, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नाही आणि दिव्यांगांसाठीचा सरकारी निरामय विमा पण नाही, ज्यात लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचे पण काही पैसे मिळतात.

२०१३ला आपल्या पालघरमधूनच सुरू झालेली ही आरबीएसके योजना, मुलं शोधायचं काम खरंच चांगलं करते, पण सापडलेल्या मुलांना बघायला माणसंच भरली नाहीत तर काय करायचं त्या चिठ्ठीचं? याच वयात थेरपी मिळाली पाहिजे म्हणून तेच सांगतात, आणि तेच वहीत नाव लिहून घरी पाठवतात.

पाचपैकी तीन स्टार, ते पण तिथल्या माणसांना. जाणार असाल तर बुधवारी फोन करून ताई येणारेत का विचारून घ्या, एसटीनं दीड तास जाऊन आम्ही तसेच परत आलोय. आणि फाईलची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, थेरपिस्ट बदलला की सगळं पहिल्यापासून विचारतात.