२०० लिटरचा ट्यूबवाला सोलर: थंडीत पास, पाण्यात नापास होऊ शकतो

पाच-सहा माणसांच्या घरासाठी २० ट्यूबचा, २०० लिटरचा पाणी तापवायचा सोलर पुरतो. विदर्भात थंडी कडक पडते, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तेव्हा ऊनही लख्ख असतं. ट्यूबच्या दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे बाहेरचा गारठा आत लागत नाही. निरभ्र दिवशी पाणी सहज ५५-६० अंशांवर जातं. २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला विजेचे नऊ युनिट जातात, तेवढं काम हा अशा दिवशी फुकट करतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून होणारा धूरही वाचतो.

खरा घात होतो पाण्यामुळे. लाइन नसली की बोअर बंद, वरची टाकी कोरडी, आणि सोलरही रिकामा झाला तर ट्यूब उन्हात रिकाम्या तापत राहतात. दुपारी लाइन आली, मोटर सुरू झाली, गार पाणी तापल्या काचेत शिरलं की ट्यूब तडकते. एक ट्यूब फुटली तरी सोलरच्या टाकीतलं सगळं पाणी खाली येतं. म्हणून सोलरसाठी निदान ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि रिकामा सोलर फक्त पहाटे किंवा अंधार पडल्यावर भरा. दुपारी भरायचाच असेल तर आधी ट्यूबवर ताडपत्री टाकून पुरतं थंड होऊ द्या.

बसवताना मिस्त्री दोन गोष्टींत हमखास चुकतात. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. आणि सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच, तोंड उघडं ठेवून काढायचा. तो बंद केला की पाणी ओढताना सोलरची टाकी आत चेपते. गरम पाण्याला पांढरा पीव्हीसी चालत नाही, तो मऊ पडून वाकतो, सीपीव्हीसीच घ्या. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी थांबतं, म्हणजे न्हाणी वीस मीटर लांब असेल तर रोज पाच लिटर गार पाणी आधी सोडावं लागेल.

तोंड दक्षिणेला, उतार ३० ते ३५ अंश. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंश वर येतो, त्यामुळे तीस फुटी कडुनिंबाची सावली तीस फूट पडते. झाड दक्षिणेला असेल तर जागा बदला.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तांब्याच्या बारीक नळ्यांचा चपटा पॅनल घेऊ नका, क्षाराने नळ्या बुजतात. ट्यूबमध्ये तोच क्षार तळाशी पांढरा भुगा होऊन बसतो, वर्षातून एकदा काढता येतो. खारं पाणी स्टीलच्या टाकीलाही खातं. आतला मॅग्नेशियमचा रॉड तिच्याऐवजी झिजतो, म्हणून तो दरवर्षी काढून पाहा आणि संपत आला की बदला. दुकानदार याबद्दल क्वचितच सांगतात.

ट्यूबच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की ती ट्यूब कामातून गेली. उन्हात हात लावला तर बाहेरची काचही गरम लागते.

सायंकाळी चार बादल्या काढल्या की तेवढंच गार पाणी आत येतं आणि सकाळी कोमट मिळतं. म्हणून भांडी, कपडे यांना हे पाणी वापरू नका.

वांदरांसाठी जाळी लावा, पण ट्यूबपासून वीतभर वर. दोन ट्यूब आणि चार रबरी रिंगा खरेदीच्याच दिवशी जास्तीच्या घेऊन ठेवा.