लाइटबिल कमी करणाऱ्या डब्याच्या नादाला लागू नका (आमचे ६६ हजार गेले)

मंडळी, सांगायला लाज वाटतीय पण लिहितोच. रंकाळ्याजवळ आमची जुनी अकरा मजली बिल्डिंग, मुंबईवाले हसतील पण आमच्या हिशोबानं उंचच, दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यात अजून चोकवाल्या ट्यूब, कॉमन लाइटबिलावरनं दर मीटिंगला खडाजंगी आणि सेक्रेटरी कोण तर मी.

तर एकजण आला, कडक इस्त्री, टॅबवर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा फोटो. "साहेब, १९३१ सालची बिल्डिंग, ३८ टक्के एनर्जी वाचवली, तुमची तर काय किरकोळ." आता गंमत म्हणजे आकडा त्या प्रोजेक्टचाच आहे, मी नंतर वाचलं. पण तिथं ६,५१४ खिडक्या काढून त्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर नव्यानं तयार केल्या, खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरच्या मागं उष्णता आत परतवणारं इन्सुलेशन घातलं, एसीचे चिलर सुधारले. आमच्यात ना हीटिंग ना सेंट्रल एसी, आणि हा पठ्ठ्या विकत होता पॅनलला लावायचा डबा!

डेमो मात्र नाद खुळा. पिशवीतनं छोटी मोटर काढली, वायरला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, ४.१ अँपिअर, डब्याचं बटण दाबलं की २.६. वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाळ्याच वाजवल्या. तीन डबे, ६६ हजार, आजच चेक दिला तर डिस्काउंट, दिला. बिलावर जीएसटी नंबर नव्हता हे घरी येऊन चष्मा लावल्यावर दिसलं.

तीन महिने युनिट जेवढ्यास तेवढे. शेवटी आयटीआय केलेल्या भाच्याला बोलावलं, त्यानं डबा उघडला तर आत अंगठ्याएवढा कपॅसिटर, एक हिरवी बत्ती आणि वजनाला चक्क वाळू. म्हणाला, "मामा, कपॅसिटरनं मोटरचा करंट कमी दिसतोय, पण आपला मीटर अँपिअर नाही, युनिट म्हणजे खरोखर वापरलेली वीज मोजतोय, त्यात काय फरक पडणार?"

मग तोच टाकीवर चढला. फ्लोट स्विच अडकलेला, टाकी भरून वाहिली तरी पंप चालूच, किती महिने देव जाणे. तो बदलला, जिन्यातल्या ४० वॅटच्या ट्यूब (चोक वेगळाच खातोय) काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या, पार्किंगला सेन्सर, सगळं मिळून डब्यांच्या निम्मे पैसेसुद्धा लागले नाहीत आणि पुढच्याच महिन्यात युनिट उतरले. हे आधी सुचलं असतं तर!

त्या माणसाचा फोन बंद आहे, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, बघू. पण परवा कळलं की कळंब्याकडं एका सोसायटीत कुणीतरी तोच फोटो आणि तीच मोटर घेऊन आलावता म्हणे. तिकडं कुणी ओळखीचं असेल तर आजच फोन लावा, रविवारी त्यांची मीटिंग आहे.