जी.आय.पी.आर. लिहिलेलं जुनं इंग्लिश घड्याळ दिसलं तर जरा थांबा

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण हा माल आपल्यालाच हेरून विकतात. इथल्या एका अँटिक फेअरमध्ये मी भिंतीवरचं गोल घड्याळ घेतलं, बारा इंची पांढरी डायल, महोगनीची रिंग आणि डायलवर ठसठशीत इंग्रजी अक्षरात जी.आय.पी.आर., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपल्या सेंट्रल रेल्वेचं जुनं नाव. आमचे आजोबा भुसावळच्या लोको शेडला होते हे मी बोलता बोलता त्या स्टॉलवाल्याला सांगितलं आणि बहुतेक तिथेच त्याने भाव ठरवला. साडेनऊशे पौंड! म्हणे बोरीबंदरच्या ऑफिसातलं घड्याळ, एक इंग्रज इंजिनियर १९४८ ला रिटायर होऊन परत येताना घेऊन आला, आणि पुरावा म्हणून त्याला रेल्वेने दिलेलं पिवळं पडलेलं टाईप केलेलं पत्र.

आता मेख बघा, मशीन अस्सल आहे. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गोरे गृहस्थ आहेत त्यांनी माझ्यासमोर उघडलं. मागच्या पेटीच्या चार लाकडी खुंट्या काढल्या की डायलसकट मशीन बाहेर येतं. आत फ्युजी, म्हणजे खाचा पाडलेला पितळी शंकू, आणि त्यावर सायकलच्या चेनचं पिल्लू वाटावी अशी बारीक चेन. चावी पूर्ण भरलेली असताना स्प्रिंगचा जोर जास्त, तेव्हा चेन शंकूच्या बारीक टोकाला ओढते, जोर उतरेल तशी जाड बाजूला सरकते, म्हणून आठवडाभर चाकांना सारखाच रेटा मिळतो. काय डोकं लावलंय! लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये असलं काम भरपूर व्हायचं, पण डायलवर नाव बरेचदा बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्या दुकानाचं असायचं. म्हणजे नाव हाच सगळ्यात कच्चा पुरावा, आणि मी जास्तीचे पैसे मोजले ते नावाचेच.

त्यांनी टॉर्च आडवा धरला. जुन्या रंगाला केसासारख्या भेगा पडतात, त्या डायलवरच्या आकड्यांना चिरत गेलेल्या, पण जी.आय.पी.आर.चा काळा रंग मात्र भेगांच्या आत उतरलेला, म्हणजे भेगा आधीच्या आणि अक्षरं नंतरची. त्याखाली घासून काढलेलं कुठल्यातरी इंग्लिश दुकानाचं नाव अंधुक दिसत होतं. पेटीवर पितळी नंबरपट्टी होती, तिचे स्क्रू काढले तर खालचं लाकूड आजूबाजूसारखंच काळपट आणि स्क्रूची भोकं आतून कोरी करकरीत. इतकी वर्षं झाकलेलं लाकूड वेगळ्या रंगाचं नको का दिसायला? आणि पत्र तर कहरच, तारीख १९४८ ची आणि वर लेटरहेड सेंट्रल रेल्वेचं! सेंट्रल रेल्वे झाली नोव्हेंबर १९५१ मध्ये, तोवर जी.आय.पी.च होती.

फोन केला तर स्टॉलवाला शांतपणे म्हणाला पावती बघा. पावतीवर फक्त व्हिक्टोरियन महोगनी डायल क्लॉक, रेल्वेचा र पण नाही. इकडे २०१५ चा ग्राहक कायदा आहे, व्यापाऱ्याचा माल वर्णनाप्रमाणे हवा, पण वर्णन सगळं तोंडी झालेलं, सिद्ध कसं करणार. तेव्हा घेण्याआधी रेल्वेचं नाव, अंदाजे काळ आणि डायल परत रंगवलीय का हे पावतीवर लिहून मागा, का कू करायला लागला की निघा तिथून. एल.एन.ई.आर. (इथली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) लिहून खाली १८९० टाकलेलं दिसलं तर ती कंपनीच १९२३ ची आहे. व्हिक्टोरिया स्टेशन १७४७ लिहिलेली दुतोंडी घड्याळं तर जोकच, लंडनचं ते स्टेशन उघडलं १८६० ला. चेनच्या जागी स्टीलची केबल असेल तर मात्र घाबरू नका, ती साधी दुरुस्ती असते.

परवा मित्राने फोटो पाठवला, त्याच माणसाच्या स्टॉलवर आता बी.बी. अँड सी.आय., म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, लिहिलेलं घड्याळ आलंय, सोबत टाईप केलेलं पत्रही आहे. गुजराती मित्र असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.