ब्लाउजच्या पेपर कटिंगचा सेट ८ महिने वापरला, साइज कुठला घ्यायचा ते आत्ता कळलं

गेल्या दिवाळीच्या आधी ब्लाउजच्या तयार पेपर कटिंगचा, म्हणजे कापडावर ठेवून कापायच्या मापाच्या कागदांचा सेट ऑनलाइन मागवला होता, २८ ते ४४ सगळे साइज, त्यात फोरटक्स, कटोरी आणि प्रिन्सेस कट असे तीन प्रकार आणि बाह्यांचे कागद वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही सेटला लागू पडतं. ८ महिन्यांत १४ ब्लाउज शिवून झाले, माझे, सासूबाईंचे, नणंदेचे आणि शेजारच्या दोघींचे. कागद जाड आहे, फाटत नाही, रेघा स्पष्ट आहेत. पण साइज कसा निवडायचा याबद्दल आत फक्त एक ओळ, छातीच्या मापाप्रमाणे साइज घ्या, बस. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून माझे पहिले दोन ब्लाउज वाया गेले म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

माझी छाती ३८. मी ३८ चा कागद काढला, कापड अंथरलं, कापलं, शिवलं. छातीवर बरोब्बर बसला. पण खांदा दंडावर उतरत होता, पुढचा गळा वाकलं की उघडा पडायचा आणि मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईजवळ, पुढून असा मोठा झोल की बोटाने चिमटीत धरता येईल. मला वाटलं शिवताना चुकलं, उसवून परत शिवला, तरी तेच. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, खांदा तुझा नाहीच हा, दुसऱ्या कुणाचा तरी घातल्यासारखा वाटतोय." आणि खरंच तसंच होतं. तो खांदा ३८ छातीच्या कुठल्यातरी रुंद खांद्याच्या बाईचा होता.

दुसरा ब्लाउज मी घाबरून ३६ चा कापला, तर खांदा गळा मस्त आणि समोर हुक लागेनात.

मग मी ज्या बाईंकडे पूर्वी शिवणक्लासला जायचे त्यांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वरची छाती किती आहे तुझी?" मी कधी मोजलीच नव्हती. वरची छाती म्हणजे टेप काखेत अगदी वर घ्यायची, मागे पाठीवर सरळ आणि पुढे छातीच्या उभाराच्या वरून. माझी भरली ३५. म्हणजे उभारावरचं माप ३८ आणि वरचं ३५, तब्बल ३ इंचांचा फरक. आता माझा सांगाडा, म्हणजे खांदा, गळा, पाठ, मुंढा हे सगळं ३५-३६ च्या बाईचं आहे आणि फक्त समोर भर जास्त आहे. ३८ चा कागद घेतला की कंपनी समजते की सगळंच मोठं आहे, खांदाही मोठा, गळाही मोठा, पाठही रुंद. इथेच सगळा घोळ होतो.

परदेशातल्या बऱ्याच पॅटर्न कंपन्या कागद काढताना वरच्या आणि पूर्ण छातीत साधारण २ इंच फरक धरतात, आणि फरक त्याहून जास्त असेल तर साइज वरच्या छातीवरून घ्या असं सांगतात. आपल्याकडच्या सेटवर असं काही लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. पण नियम आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो, कारण समोरची भर वाढवणं सोपं आहे, खांदा आणि गळा कमी करत बसणं फार किचकट. खांदा कमी केला की मुंढा बदलतो, मुंढा बदलला की बाही बसत नाही, बाही ओढूनताणून बसवली की चुण्या.

तर मी ३६ चा फोरटक्सचा कागद घेतला आणि पुढचा भाग तेवढा वाढवला, मागचा भाग आणि बाही जशीच्या तशी ३६ ची. वाढवायचं असं, आधी खाकी कागदावर पुढचा भाग ट्रेस करून घ्यायचा, मूळ कागदाला कात्री लावायची नाही. मग खालच्या टक्सच्या, म्हणजे आकार देण्यासाठी घेतलेल्या चिमटीच्या, मधून सरळ वर टक्स पॉइंटपर्यंत, म्हणजे छातीच्या टोकापर्यंत कापायचं, तिथून वळून मुंढ्याकडे कापत जायचं पण मुंढ्याच्या रेघेपाशी थोडासा कागद जोडलेला ठेवायचा, बिजागरीसारखा. साइडच्या टक्समधून पण पॉइंटपर्यंत एक काप. आता मला एकूण २ इंच जास्त हवेत, पण कागद अर्ध्याच पुढच्या भागाचा असतो म्हणून तो १ इंचच उघडायचा, हे मी पहिल्यांदा विसरले होते आणि २ इंच उघडून बसले होते, तर तंबू झाला. उघडलेल्या जागेखाली दुसरा कागद चिकटवायचा, हुकपट्टीकडची बाजू खाली आखूड पडते ती साइडच्या बरोबरीला आणायची आणि कंबरेला जे वाढलं ते खालच्या टक्समध्ये घ्यायचं. पहिल्यांदा मला दोन तास लागले. आता पाऊण तास.

तो ब्लाउज मांजरपाटात आधी शिवून पाहिला, बाही न लावता नुसता पुढचा मागचा भाग. आरशासमोर हात वर केला, खाली वाकले, गळा जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी तो मांजरपाटाचा ब्लाउज तसाच घालून स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना दाखवला.

अजून एक गोष्ट म्हणजे कागदसुद्धा टेपने मोजायचा. त्यावर ३६ लिहिलंय म्हणजे तो ३६ इंचाचा कपडा होणार असं नाही, त्यात लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्त सोडलेली ढिलाई, किती आहे आणि शिलाईचं मार्जिन धरलंय का ते बघावं लागतं. माझ्या सेटमध्ये ३६ च्या फोरटक्सचा पुढचा भाग मुंढ्याखाली शिलाईच्या रेघेपर्यंत साडेनऊ भरतो आणि मागचा ९, एकूण साडेअठरा, दुप्पट केले की ३७. म्हणजे १ इंच लूजिंग, आणि मार्जिन रेघेच्या बाहेर. हे पाकिटावर कुठेच नाही, मी आता प्रत्येक साइजच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवलंय. कटोरीच्या कागदाला मोजताना सगळे तुकडे शिलाईच्या रेघांवर एकावर एक ठेवून मगच मोजा, सुटे मोजले तर हिशोब चुकतो.

आणि टेप! माझी क्लासच्या वेळची टेप ताणली गेली होती, स्टीलच्या पट्टीवर ठेवली तर १२ इंचाला चांगली दोन दोरे, म्हणजे पाव इंच जास्त. ती टाकून दिली. माप घेताना रोज जी ब्रा ब्लाउजच्या आत घालणार तीच घालून घ्यायचं आणि स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही, मागे टेप खाली घसरते आणि कळत नाही.

सासूबाईंची गोष्ट अगदी उलटी. त्यांची छाती ४०, वरची ३९, फरक फक्त १ इंच, म्हणजे ४० चा कागद बरोबर. तरी बसला नाही. वयामुळे त्यांचा टक्स पॉइंट खांद्यापासून साडेअकरावर आलाय आणि कागदावर तो साडेदहावर आहे, त्यामुळे टक्सचं टोक भलतीकडेच वर यायचं आणि खाली कापड रिकामं. शिवाय त्यांना थोडा बाक आहे तर पाठीमागे ब्लाउज वर चढायचा. मी टक्स १ इंच खाली घेतले आणि मागच्या कागदाला पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाच्या उंचीवर आडवा काप देऊन अर्धा इंच उघडला. सासूबाईंनी पहिल्यांदा घातला आणि म्हणाल्या, "हात वर केला तरी पाठ उघडी नाही पडत गं." त्या इतकी वर्षं प्रत्येक ब्लाउजला मागून ओढत होत्या आणि आपल्या पाठीलाच दोष देत होत्या, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

नणंदेला ३२ चा जवळजवळ काही न करता बसला.

नंबरांचं अजून एक सांगते कारण यात माझ्यासारख्या बऱ्याच जणी फसतात. मैत्रीण जर्मनीत असते, तिने बुर्डा हे तिकडचं शिवणाच्या पॅटर्नचं मासिक पाठवलं होतं, त्यात ३६ साइजचा टॉप बघून मी म्हटलं चला आपला नंबर आला. पण त्यांच्या तक्त्यात ३६ म्हणजे छाती ८४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ३३ इंच! तिथला नंबर इंच नसतोच. शिवाय मासिकातल्या कागदात शिलाईचं मार्जिन धरलेलं नसतं, ते आपण सोडायचं. आपल्या बायकांच्या मापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्टने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, इंडियासाइज नावाचा सर्व्हे हाती घेतला, मुंबईसह ६ शहरांत थ्री डी स्कॅनरने मापं घ्यायची अशी योजना होती. तो तक्ता आपल्या ब्लाउजच्या कागदांपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं.

सेटबद्दल माझी खरी तक्रार एकच, ४४ च्या पुढे कागद नाही. शेजारच्या काकूंची छाती ४७, वरची ४३. त्या पहिल्यांदा म्हणाल्याच की "राहू दे, माझ्या मापाचं काही मिळत नाही." मी त्यांना ४४ च्या कागदावर पुढचा भाग दीड इंच उघडून शिवून दिला, छान बसला, पण प्रत्येकीला हे करता येणार नाही. कंपनीने ५० पर्यंत कागद द्यायलाच हवेत आणि पाकिटावर वरच्या छातीचं माप छापायला हवं, त्याला जास्तीचा खर्च तो किती येणार.

पूर्ण सेट घ्यायचा का असं कुणी विचारलं तर, घरात तीन चार जणींचं शिवत असाल तर घ्या, फक्त स्वतःचं शिवायचं असेल तर वरची छाती मोजून एकच सुटा साइज मिळतो का बघा. आणि अस्तर रात्रभर भिजवल्याशिवाय कापू नका, माझं एक आकसलं आणि मी आठवडाभर कागदाला दोष देत बसले होते. प्रिन्सेस कटचे कागद मी आतापर्यंत दोनदाच वापरलेत, आता चुलतबहिणीच्या पैठणीचा त्यातच करायचाय, तिची वरची छाती ३४ आणि छाती ३५, मांजरपाट काल भिजवून वाळत टाकलाय.