वारा डेन्मार्कचा, पाणी नॉर्वेचे : ‘इलेक्ट्रिसिटी मॅप्स’चे परीक्षण

शेजारशेजारच्या देशांनी अक्षय ऊर्जा कितपत आपलीशी केली आहे हे पाहायचे झाले, की आपण बहुधा वार्षिक टक्केवारीचा तक्ता उघडतो. कोपनहेगनच्या ‘इलेक्ट्रिसिटी मॅप्स’ या कंपनीचा नकाशा त्याहून पुष्कळ अधिक सांगतो; कारण कोणत्या तासाला कोणाची वीज कोणाकडे गेली, हेही त्यात दिसते. संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर तो विनामूल्य पाहता येतो. एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेला यावरून प्रदेशाचा रंग हिरव्यापासून गडद तपकिरीपर्यंत ठरतो आणि सीमांवरचे बाण विजेच्या प्रवाहाची दिशा दाखवतात.

या नकाशाचे सामर्थ्य मला सर्वांत स्पष्ट जाणवले ते डेन्मार्क आणि नॉर्वे या जोडीत. डेन्मार्कचा सर्वांत उंच नैसर्गिक माथा जेमतेम १७१ मीटरांचा, त्यामुळे जलविद्युतीला तेथे वाव नाही. १९७३ च्या तेलसंकटात पोळलेल्या या देशाने १९८५ मध्ये अणुऊर्जेचा पर्याय बाजूला ठेवला, १९९१ मध्ये विंडेबी येथे समुद्रातील जगातले पहिले पवनऊर्जा केंद्र उभारले आणि आज त्याच्या वीजनिर्मितीत निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा आहे. नॉर्वेची सुमारे ९० टक्के वीज मात्र पाण्यापासून तयार होते. या दोघांना स्कागेराक सामुद्रधुनीखालून जाणाऱ्या, एकूण १,७०० मेगावॉट क्षमतेच्या केबलांनी जोडले आहे. डेन्मार्कमध्ये वारा जोरात असला की बाण उत्तरेकडे वळतो, स्वस्त वीज मिळाल्याने नॉर्वे आपल्या जलाशयांतील पाणी राखून ठेवतो, आणि वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडून वीज दक्षिणेकडे येते. एकट्या डेन्मार्कची टक्केवारी वाचणाऱ्याला या यशातला शेजाऱ्याचा वाटा कधीच कळणार नाही. अर्थात, केबलांमुळे दक्षिण नॉर्वेतील वीजदर वाढतात, ही तेथील ग्राहकांची तक्रार आणि जुन्या केबला बदलाव्यात की नाहीत यावरून पेटलेला वाद बाणांवरून उमगत नाही. त्यासाठी नकाशाबाहेरच वाचन करावे लागते.

वापरणाऱ्याने एका गोष्टीची खूणगाठ बांधावी : हिरवा रंग म्हणजे अक्षय ऊर्जा नव्हे. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. तिच्या वीजनिर्मितीत अक्षय स्रोतांचा वाटा निम्म्याहून अधिक, म्हणजे फ्रान्सपेक्षा बराच मोठा आहे. तरीही कोळसा आणि वायूमुळे जर्मनी नकाशावर मळकट दिसते, तर सुमारे दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेतून मिळवणारा फ्रान्स हिरवागार. प्रदेशावर क्लिक केल्यावर अक्षय आणि कार्बनमुक्त विजेचे टक्के वेगवेगळे दिसतात, म्हणून रंगावर न थांबता तेथपर्यंत जावेच. केवळ तयार झालेली वीज पाहायची की आयात धरून वापरलेली, हेही निवडता येते. तुलनेसाठी मी नेहमी दुसरा पर्याय निवडतो.

भारताकडे आल्यावर मात्र मन खट्टू होते. आपल्याकडील विभाग प्रादेशिक ग्रिडचे असल्यामुळे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा मिळून एकच रंग मिळतो. कोयनेचे पाणी, खावड्याचे ऊन आणि कोरब्याचा कोळसा त्यात एकजीव होऊन जातात. डेन्मार्कसारखा छोटा देश पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत दाखवणाऱ्या नकाशात एवढ्या मोठ्या प्रदेशाला एकच चौकट मिळावी, हे खटकते. युरोपातील पारेषण संस्था तासातासाची आकडेवारी एका ठिकाणी खुली करतात, त्यामुळे तिकडचे चित्र रेखीव उमटते. भूतान पावसाळ्यात भारताला जलविद्युत विकतो आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की आपल्याकडून वीज घेतो. ही देवाणघेवाण मला स्कागेराकइतक्याच बारकाव्याने तासागणिक पाहायची आहे.